सही माझी, धंदा नवऱ्याचा, शिक्षा मला: आता अपील करू की पैसे भरून मोकळी होऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलंय, वय 41, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. नवऱ्याचं पशुखाद्याचं दुकान आहे, पण ट्रॅक्टरच्या कर्जात नवऱ्याचं सिबिल खराब झालेलं म्हणून दुकान आणि करंट खातं दोन्ही ताईंच्या नावावर. होलसेलवाला महिन्याच्या उधारीवर पेंड द्यायचा आणि त्या बदल्यात ताईंची सही असलेले दोन कोरे चेक त्याने ठेवून घेतले होते. पुढे गिऱ्हाइकांची उधारी अडकली आणि मालाचे पैसे थकले. चेक दिल्यानंतर नवऱ्याने ताईंच्याच खात्यावरून थोडे थोडे करत 1,35,000 रुपये पाठवले, तरी होलसेलवाल्याने एका चेकवर 5,40,000 आकडा टाकून तो बँकेत लावला आणि तो परत आला. नोटीस आली तेव्हा नवरा म्हणाला मी बघतो, उत्तर कुणीच दिलं नाही. केस चालली, उलटतपासात होलसेलवाला एवढंच म्हणाला की मधे काही पैसे आले पण ते जुन्या बिलांचे होते. ताईंच्या बाजूने ना कागद गेला ना साक्षीदार. निकाल लागून बारा दिवस झालेत: सहा महिने साधी कैद, 7,00,000 नुकसानभरपाई, ती न भरल्यास अजून दोन महिने. अपील करता यावं म्हणून कोर्टाने 30 दिवस शिक्षा थांबवलीय. वकील म्हणतात अपील टाकलं की स्टे मिळतो, निवांत रहा. नवरा म्हणतो तुझे दागिने मोडू आणि भरून टाकू. ताई विचारतात, "मी नुसती सही केली, माल डोळ्यांनी बघितलासुद्धा नाही, हे वरच्या कोर्टाला सांगितलं तर सुटेन का? अपिलात शिक्षा वाढली तर? मोठी मुलगी पोलीस भरतीची तयारी करतेय, तिच्या आड हे येईल का? सासूबाई सगळ्यांसमोर मला गुन्हेगार म्हणतात."

ताई,

मुदतीचं मी तुम्हाला मेलवर लगेच कळवलंच होतं, बाकीच्यांसाठी इथे परत लिहिते. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला निकालापासून 30 दिवस असतात. निकालाची नक्कल मिळायला जे दिवस जातात ते त्यातून वजा होतात, उशीर झाला तर कारण देऊन माफीचा अर्जही करता येतो, पण तुमच्या बाबतीत त्यावर अजिबात विसंबू नका कारण तुमची शिक्षाच मुळात 30 दिवसांसाठी थांबवलीय. तो दिवस उलटला आणि वरच्या कोर्टाचा आदेश हातात नसला तर वॉरंट निघू शकतं. कैदेची शिक्षा झाली की आरोपीला निकालाची एक प्रत फुकट मिळते, ती मिळाली नसेल तर उद्याच मागा. आणि सत्र न्यायालय म्हटलं की सांगलीलाच जायला हवं असं नाही, तुमच्या तालुक्याला अतिरिक्त सत्र न्यायालय बसत असेल तर बहुतेक तिथेच होईल.

तर तुमचा पहिला प्रश्न. नुसती सही केली म्हणून सुटाल का? नाही सुटणार ताई, आणि हे आत्ताच सांगितलेलं बरं कारण तुमचं सगळं पत्र याच एका आशेवर उभं आहे. एकशे अडतीस कलमात, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याच्या कलमात, चेक ज्याच्या खात्याचा आणि सही ज्याची तो आरोपी. माल कुणी उतरवून घेतला, गल्ल्यावर कोण बसत होतं, याला तिथे फारशी किंमत नाही, दुसऱ्याच्या देण्यापोटी दिलेला चेकसुद्धा या कलमात बसतो. कोरा चेक होता, आकडा मी टाकला नाही, हेही चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2019 सालीच सांगितलंय की सही करून कोरा चेक आपणहून दिला तरी तो देण्यासाठीच दिला असं कोर्ट धरून चालणार, आणि तसं नव्हतं हे दाखवायचं काम सही करणाऱ्याचं. उलट 2021 मध्ये आपल्या मुंबईकडच्याच एका नवरा-बायकोच्या केसमध्ये त्याच कोर्टाने म्हटलं की देणं दोघांचं असलं तरी ज्याची चेकवर सही नाही त्याला या कलमात ओढता येत नाही. म्हणजे तुमचे मिस्टर कायद्याने बाहेर, तुम्ही आत. चीड येण्यासारखंच आहे. अशा बायका मी कोर्टात कितीतरी बघते, सबसिडी बायकोच्या नावाने मिळते म्हणून, नाहीतर सिबिल गेलं म्हणून दुकान बायकोच्या नावावर, अख्ख्या चेकबुकावर एका बसणीत सह्या झालेल्या, आणि समन्स आलं की घरात पहिला प्रश्न हाच की अगं तू कुठे सही केलीस.

पण चीड हा अपिलाचा मुद्दा होत नाही. अपिलात केस पहिल्यापासून चालत नाही, वरचे न्यायाधीश खालच्या कोर्टातली फाईल वाचतात, आणि त्या फाईलमध्ये जे आहे त्यावरून खालचा निकाल बरोबर की चूक एवढंच ठरवतात. तुमच्या फाईलमध्ये तुमच्या बाजूचं जवळजवळ काहीच नाही. फक्त एक गोष्ट आहे आणि गंमत म्हणजे ती तुमच्या पत्रात तुम्ही ओझरती लिहून गेलात, त्यावर तुमचा काही प्रश्नसुद्धा नाही. ती म्हणजे ते 1,35,000.

ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, गुजरातमधली केस होती. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत लावायच्या आधी कर्जदाराने काही रक्कम फेडली असेल तर चेकवाल्याने ती चेकवर नोंदवली पाहिजे आणि उरलेल्या रकमेपुरताच तो वापरला पाहिजे, तसं न करता पूर्ण रकमेचा चेक लावला आणि त्या दिवशी खरं येणं त्याहून कमी होतं, तर एकशे अडतीसचा गुन्हा होत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पैसे बुडाले असं नाही हं, ते दिवाणी दाव्याने वसूल करता येतात, पण शिक्षा टिकत नाही.

आता लगेच हुरळून जाऊ नका कारण होलसेलवाल्याने उलटतपासात जे उत्तर दिलं ते बरोब्बर याच्यावर पाणी फिरवायला दिलेलं आहे. पैसे आले पण जुन्या बिलांचे. चालू खात्याच्या धंद्यात हे खरंही असू शकतं, म्हणून मी सांगते ते तुम्ही स्वतः करा, मिस्टरांना सांगू नका, वकिलांवरही सोडू नका. होलसेलवाल्याने तुमच्या नावाचा खातेउतारा कोर्टात दाखल केलाय का ते निकालात बघा, केला असेल तर त्याला निशाणी नंबर पडलेला असतो, निशाणी अमुक खातेउतारा असं. त्याची आणि त्याच्या उलटतपासाची नक्कल काढा. बँकेत जाऊन त्या काळाचं तुमच्या खात्याचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणि प्रमाणपत्रासह घ्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिल घेऊन बसा. तुमच्या खात्यातून ज्या तारखेला 25,000 गेलेत ते त्याच्या उताऱ्यात जमेच्या बाजूला कुठे आलेत? आलेत का? आले असतील तर ते वजा करून बाकी 5,40,000 राहतेय, की आधी 5,40,000 होती आणि वजा केल्यावर ती 4,05,000 व्हायला हवी होती? प्रत्येक एन्ट्रीपुढे खूण करा. एका संध्याकाळचं काम आहे.

यातून दोनच गोष्टी निघू शकतात. तुमचे पैसे जमा धरूनच बाकी 5,40,000 येत असेल तर होलसेलवाला खरं बोलतोय, तुमचा चेक बरोबर रकमेचा होता आणि अपील लढवून फारसं काही हाती लागणार नाही, मग अपील करायचं ते वेळ मिळवून तडजोड करायला. आणि ते पैसे उताऱ्यात नसतील, किंवा बाकी काढल्यानंतर जमा दिसत असतील आणि तरी आकडा पूर्ण टाकलेला असेल, तर तुमच्याकडे लढण्यासारखं खरंच काहीतरी आहे. आरोपीला इथे संशयापलीकडे वगैरे सिद्ध करावं लागत नाही, आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरतं, आणि त्यासाठी फिर्यादीच्याच कागदांवर आणि त्याच्याच उत्तरांवर बोट ठेवता येतं, स्वतःचा साक्षीदार लागतोच असं नाही. पैसे आले हे त्याने कबूल केलंय ते तुमच्या फाईलमध्ये आधीच आहे. बँक स्टेटमेंट खाली दिलं नव्हतं त्याचं काय, तर अपिलात जादा पुरावा घ्यायचा अधिकार वरच्या कोर्टाला आहे, नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 432, पण तो सहज मिळत नाही, खाली का दिला नाही याचं पटेल असं कारण लागतं. अर्ज अपिलासोबतच करायला सांगा. दोन वर्षांनी अंतिम युक्तिवादाच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

वकिलांच्या "निवांत रहा" बद्दल. शिक्षेला स्थगिती बहुतेक मिळते हे त्यांचं खरं आहे. पण सप्टेंबर 2018 पासून कायद्यात कलम 148 आलंय, अपील कोर्ट तुम्हाला दंडाच्या किंवा नुकसानभरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरायला सांगू शकतं, आणि सांगतंच. 7,00,000 वर ते 1,40,000 होतात. मुदत 60 दिवस, सबळ कारण असेल तर अजून 30. ही रक्कम भरली नाही तर स्थगिती जाऊ शकते, तेव्हा स्टे मिळाला म्हणून निवांत राहिलेला माणूस तीन महिन्यांनी वॉरंट घेऊन माझ्यासारखीच्या ऑफिसात येतो. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. दुसरी बाजू पण आहे, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये म्हटलंय की ही 20 टक्क्यांची अट आंधळेपणाने लावायची नाही, अपवादात्मक केसमध्ये कारणं देऊन सूट देता येते. त्यामुळे सूट मागायची असेल तर पहिल्याच दिवशी मागा, 1,35,000 आधीच गेलेत हा मुद्दा तिथेही मांडा. भरलेली रक्कम होलसेलवाल्याला काढून घेऊ दिली जाऊ शकते, पण पुढे तुम्ही सुटलात तर त्याला ती व्याजासकट परत करावी लागते.

म्हणून दागिने आज मोडू नका. सोनं मोडून पैसे सरळ होलसेलवाल्याच्या हातात नेऊन द्यायचा विचार तर अजिबात नको. रोख दिलेले पैसे पुन्हा "जुन्या बिलांचे" होतील, एकदा झालेच ना? जे काही द्यायचं ते कोर्टात भरून किंवा खात्यावरून, आणि कशापोटी ते लिहून. अगदीच वेळ आली तर 1,40,000 साठी सोनं तारण ठेवता येतं, मोडावं लागत नाही. शिवाय ते सोनं तुमचं आहे, स्त्रीधन आहे, ते कधी आणि किती वापरायचं हे ठरवताना मिस्टरांनी "आपण मोडू" म्हणायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं का, एवढं एकदा आठवून बघा.

तुम्ही "अपील की पैसे" असा प्रश्न टाकलाय, पण तुमच्यासारख्या केसमध्ये मी दोन्ही एकदम करते. अपील मुदतीत दाखल करायचं, शिक्षा थांबवून घ्यायची, हिशोब हातात घ्यायचा, आणि मग होलसेलवाल्याशी बोलायला बसायचं. त्याचीही काही वर्षं गेलीत हो, त्यालाही तारखांचा कंटाळा आलेला असतो आणि अपील, पुढे हायकोर्ट (आता तुमच्याकडच्यांना कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, ऑगस्ट 2025 पासून, मुंबईची फेरी वाचली) हे त्यालाही परवडत नाही. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, अगदी अपिलातही, फक्त त्याची संमती लागते. मिटला तर दोषी ठरवल्याचा निकाल रद्द होतो आणि तुम्ही कायद्याने निर्दोष सुटल्यासारख्याच. उशिरा मिटवला म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडे काही खर्च भरायला लावतात, 2010 च्या निकालाप्रमाणे सत्र न्यायालयात तो चेकच्या रकमेच्या 15 टक्के होता, सप्टेंबर 2025 मध्ये गोव्यातल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तो साडेसात टक्क्यांवर आणलाय. तुमच्या चेकवर 40,500 होतात. त्याच केसमध्ये आरोपीला रक्कम हप्त्यांनी भरायची सवलत पण दिली, तेव्हा हप्ते मागायला लाजू नका, फक्त पाळता येतील असेच सांगा. आकड्यावर घासाघीस करताना तुमची ती पेन्सिलच्या खुणांची यादी समोर असली की बोलणं 7,00,000 पासून सुरू न होता 4,05,000 पासून सुरू होतं, म्हणून ते आधी करा म्हणतेय.

आणि एक गैरसमज, मिस्टरांना असेल म्हणून लिहिते. दोन महिने जास्त आत बसलं की 7,00,000 माफ, असं नाही. न भरल्याबद्दलची कैद भोगली तरी नुकसानभरपाई वसूल होऊ शकते, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी सुद्धा.

फीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत पण बऱ्याच जणी तिथेच अडतात. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, कुठलीही बाई, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे. जिल्हा कोर्टाच्या आवारात ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, फोनवर 15100. मोफत म्हणजे कामचलाऊ असं समजू नका, चांगली माणसं असतात पॅनेलवर. आहेत ते वकील ठेवायचे असतील तर जरूर ठेवा, पण त्यांना तीन प्रश्न विचारा: 148 खाली सूट मागणार का, जादा पुराव्याचा अर्ज करणार का, आणि त्या 1,35,000 चा मुद्दा अपिलाच्या मेमोत कुठल्या परिच्छेदात आहे. शेवटच्या प्रश्नाला ते कागद उलटून दाखवतील तर बरं.

शिक्षा वाढायचं म्हणाल तर फक्त तुमच्याच अपिलात ती वाढत नाही. समोरच्याने शिक्षा कमी पडली म्हणून वेगळं काही दाखल केलं तर गोष्ट निराळी, तशी नोटीस आली तर लगेच वकिलांना दाखवा, बस.

मुलीचं: भरतीत चारित्र्य पडताळणी उमेदवाराची होते, आईच्या चेकची नाही. तिला तयारी करू दे. खरं तर तिला बसवून सगळं सांगा. तिने केसबद्दल दारातल्या बोलण्यातून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकलेलं बरं, आणि बँक स्टेटमेंटवर खुणा करायला तुम्हाला एक शिकलेला हात पण मिळेल.

सासूबाई "गुन्हेगार" म्हणतात त्याला माझ्याकडे कायद्याचं उत्तर नाही, म्हणजे आज कागदावर तुम्ही दोषी आहात हे खरंच आहे, शिक्षा थांबली म्हणून दोष पुसला जात नाही, तो अपिलात सुटल्यावर नाहीतर तडजोडीनेच जातो. पण मला पत्रात त्याहून दुसरंच खटकलं. नोटीस आली तेव्हा "मी बघतो", केस चालू असताना "वकील बघतात", आता "दागिने मोडू". तुमच्या नावावरच्या केसमध्ये तुम्हाला एकदाही कुणी कागद दाखवला नाही आणि तुम्हीही मागितला नाहीत. मिस्टरांचा काही वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही, बुडत्या धंद्यातला माणूस बायकोपासून आकडे लपवतोच, तिला काळजी नको म्हणून असं म्हणत. पण आता साक्षीला उभं राहायची वेळ गेली असली तरी त्यांना करण्यासारखं आहे की. वह्या काढायच्या, कुठल्या तारखेला किती पोती आली ती चलनं शोधायची, फोनमधले होलसेलवाल्याचे मेसेज जपून ठेवायचे (नवीन फोन घेतला म्हणून जुना मोडीत देऊ नका!), आणि सासूबाईंसमोर एकदा सांगायचं की धंदा माझा होता. हे शेवटचं तुम्ही त्यांना सांगून करून घ्या, आपोआप होणार नाही.

आणि तो दुसरा चेक. तुम्ही लिहिलंय दोन चेक दिले होते, केस एकाचीच झाली. मग दुसरा कुठाय? तारीख आणि आकडा नसलेला, तुमची सही असलेला चेक अजून त्याच्या कपाटात असेल तर त्यावर तो उद्याची तारीख टाकू शकतो आणि तुमच्यामागे दुसरी केस लागू शकते. बँकेत स्टॉप पेमेंट दिलं किंवा खातं बंद केलं तरी एकशे अडतीसमधून सुटका होत नाही, हा फार जणांचा समज आहे, तो चुकीचा आहे. तरी स्टॉप पेमेंट द्या, आणि आत्ताच वकिलांमार्फत लेखी पत्राने तो चेक परत मागा, त्यात चेकचा नंबर आणि तो कोरा, सिक्युरिटीपोटी दिला होता हे लिहा, म्हणजे पुढे वेळ आलीच तर आपण आधीच कळवलं होतं एवढं तरी दाखवता येईल. नंबर चेकबुकाच्या अडक्यावर, म्हणजे मागे उरणाऱ्या पट्टीवर असतो, नाहीतर बँक सांगेल. तडजोड झाली तर पुरशिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी कागदात, दोन्ही चेकचे नंबर आलेच पाहिजेत, आणि तुमची सही तो दुसरा चेक हातात पडल्यावर.

तुमची,
वकीलताई

(हा सल्ला पत्रातल्या माहितीवरून दिलाय. तुमची फाईल ज्यांनी वाचलीय त्या वकिलांशी बोलूनच पाऊल उचला.)